जुन्या शेवरलेटला पाचवा गिअर

१९५१ सालची शेवरलेट स्टाइललाइन सपाट रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठू शकते. त्या वेगाला तिचं सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला जवळजवळ ३,२०० फेरे घेत असतं. कंपनीने या इंजिनाची कमाल ताकद, म्हणजे ९२ हॉर्सपॉवर, ३,४०० फेऱ्यांना सांगितली होती. मागच्या सीटवरची मंडळी निवांत बाहेर बघत बसलेली असतात, तेव्हा बॉनेटखालचं इंजिन आपल्या कुवतीच्या टोकाशी पोचलेलं असतं. पाच-दहा मिनिटांपुरतं हे चालतं. तीन-चार तास सलग चालवायचं म्हटलं, तर जाणता मालक आपसूक ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करतो.

अमेरिकेत जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांनी यावर एक उपाय रुळवला आहे. मूळचा तीन गिअरचा बॉक्स उतरवायचा आणि त्या जागी पुढच्या काळातला, ओव्हरड्राइव्ह असलेला पाच गिअरचा बॉक्स चढवायचा. ऐकताना वाटतं, एक भाग काढला, दुसरा लावला. या गाडीत मात्र बॉक्स बदलायला घेतला की त्याच्या मागचं जवळजवळ सगळंच बदलावं लागतं. ते का, आणि एवढं करून हाती नेमकं काय लागतं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात एका आकड्यापासून करावी लागते.

४.११

हा या शेवरलेटच्या डिफरन्शियलचा आकडा. मागचं चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्टला ४.११ वेळा फिरावं लागतं. तिसऱ्या, म्हणजे टॉप गिअरमध्ये बॉक्स मधे काहीच करत नाही. इंजिनाचा एक फेरा तो शाफ्टचा एक फेरा. ६.७०-१५ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण २.१५ मीटर जमीन कापतो. एवढ्या सामग्रीवर कुठल्याही वेगाचा हिशेब कागदावर मांडता येतो. ताशी ७० ला सुमारे २,२४०, ८० ला २,५५०, शंभरला ३,२०० फेरे.

डेट्रॉइटच्या इंजिनिअरांना हे गणित येत नव्हतं अशातला भाग नाही. त्यांच्यासमोरचे रस्ते वेगळे होते. अमेरिकेतल्या आजच्या आंतरराज्य महामार्गांचं जाळं ज्या कायद्याने उभं राहिलं, त्यावर अध्यक्ष आयझेनहॉवर यांची सही झाली २९ जून १९५६ रोजी. त्याआधीचा लांबचा प्रवास बहुतांशी दुपदरी रस्त्यांवरचा, दर थोड्या अंतरावर एखाद्या गावाच्या मुख्य पेठेतून जाणारा. गिऱ्हाइकाला हवी होती ती टॉप गिअर न सोडता चढ चढणारी, वळणावर हळू होऊन त्याच गिअरमध्ये पुन्हा उचल घेणारी गाडी. ४.११ मुळे ते साधत होतं.

इंजिनाची घडणही त्याच चालीची. २१६ घनइंच, म्हणजे साडेतीन लिटरचं हे इंजिन १९३७ पासूनचं. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांत व्हाइट मेटल ओतलेलं असतं. आजच्यासारख्या सुट्या शेलची जोडी काढून नवी बसवायची सोय नाही. रॉडच्या तळाशी छोट्या पळ्या असतात. त्या ऑइल पॅनमधल्या पन्हाळींतून तेल उचलतात आणि फिरता फिरता ते बेअरिंगांना पोचतं. सावकाश चालीला ही व्यवस्था वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. वेग चढवून तासन्‌तास पळवलं की व्हाइट मेटल झिजतं, आणि ते पुन्हा ओतून मापात कातणारे कारागीर आता अमेरिकेतही शोधावे लागतात. पूर्ण दाबाखालचं ऑइलिंग शेवरलेटच्या सहा सिलिंडर इंजिनात १९५३ साली आधी ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांना आलं आणि १९५४ मध्ये सगळ्यांना. १९५१ ची गाडी त्याला मुकलेली.

ओव्हरड्राइव्ह आधीपासून होताच

ओव्हरड्राइव्ह म्हणजे ज्यात शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरतो तो गिअर. त्याचा आकडा एकपेक्षा कमी असतो: ०.७० म्हटलं, की शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ०.७० फेरे पुरतात. ही कल्पना आधुनिक नाही. बोर्ग-वॉर्नर कंपनीचं ओव्हरड्राइव्ह १९३४ च्या क्रायस्लर एअरफ्लोवर आलं आणि पुढे कितीतरी अमेरिकी गाड्यांना जादा पैसे भरून मिळू लागलं. नेहमीच्या तीन गिअरच्या बॉक्सच्या शेपटीला दातेरी चाकांचा एक ग्रहमाला संच जोडलेला असे. ठरावीक वेग ओलांडला की ड्रायव्हरने ॲक्सिलरेटरवरून क्षणभर पाय उचलायचा. मधलं सूर्यचाक अडकून बसे आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली येई. ओव्हरटेक करायचं असेल तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, की विजेचा स्विच ते पुन्हा सोडवी.

त्यात एक खोच होती. ओव्हरड्राइव्ह लागण्याच्या वेगाखाली ही यंत्रणा फ्रीव्हील होई. सायकलवर पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, तसं इंजिन सुटं पडून गाडी मोकळी घरंगळे. उतारावर इंजिनाचा अटकाव मिळत नसे. सगळा भार ब्रेकवर. म्हणून डोंगराळ भागात जाण्याआधी डॅशबोर्डखालचा दांडा ओढून ओव्हरड्राइव्ह बंद करून ठेवायची शिस्त होती. घाटात न्यूट्रल मारून उतरू नये हे आपल्याकडे ट्रकवाल्यापासून एसटीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे जाणतात. इथे गाडी गिअरमध्ये असूनही न्यूट्रलमध्ये असल्यासारखी वागे.

ब्रिटनमध्ये एडगर डी नॉर्मनव्हिल या संशोधकाच्या आराखड्यावर शेफील्डच्या लेकॉक कंपनीने तेलाच्या दाबावर चालणारं ओव्हरड्राइव्ह केलं. ट्रायम्फ, एमजीबी, जॅग्वार, व्होल्व्हो अशा गाड्यांना ते लागलं. त्याच वंशातलं एक युनिट अमेरिकेत गिअर व्हेंडर्स या नावाने आजही मिळतं.

फोर्डने १९४९ पासून आपल्या गाड्यांना ओव्हरड्राइव्हचा पर्याय दिला. शेवरलेटने तो दिला १९५५ मध्ये. त्यामुळे १९४९ ची फोर्ड बाळगणाऱ्याला आपल्याच काळातला, आपल्याच कंपनीचा इलाज शोधता येतो. १९५१ च्या शेवरलेटवाल्याला ती वाट बंद आहे. त्याला बाहेरचा बॉक्स आणावा लागतो, आणि तिथून पुढची गोष्ट सुरू होते.

भंगारातला टी-५

हा बाहेरचा बॉक्स बहुतेक वेळा बोर्ग-वॉर्नर टी-५ असतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बाजारात आला आणि फोर्ड मस्टँग, शेवरलेट कमारो, जीप अशा एकमेकांच्या हाडवैऱ्यांत सारखाच बसला. ॲल्युमिनिअमचं आवरण, वजन जेमतेम ३४ किलो, पुढचे पाचही गिअर सिंक्रोमेशचे. पुढे त्याचं उत्पादन ट्रेमेक या मेक्सिकन मुळाच्या कंपनीकडे गेलं. वर्षानुवर्षं लाखो गाड्यांत गेल्यामुळे तो अमेरिकेतल्या स्क्रॅपयार्डांत सहज सापडे, आणि अशा कामांत सहज सापडणं हा मोठाच गुण असतो.

त्यातही जुन्या शेवरलेटवाले एस-१० या छोट्या पिकअपचा टी-५ हुडकतात. कारण गिअरच्या दांड्याची जागा. मस्टँगच्या बॉक्सवर दांडा बराच मागे येतो. १९५१ च्या गाडीत पुढे अखंड लांब सीट आहे, तेव्हा मागे आलेला दांडा सीटच्या आतून उगवेल. एस-१० मध्ये तो पुढच्या बाजूला आहे. सीटच्या कडेपुढे, पायांच्या जागेत निघतो. शिवाय पिकअपच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या बॉक्सला स्पीडोमीटरची केबल लागते. नंतरच्यांना विजेचा सेन्सर आहे, आणि जुन्या डॅशबोर्डवरच्या काट्याला त्याची भाषा कळत नाही.

ताकदीची चिंता नसते. जुन्या इंजिनाचा पीळ सुमारे १७५ पाउंड-फूट, आणि टी-५ याहून कितीतरी जोरकस इंजिनांमागे चाललेला. खरी निवड आकड्यांची. एकाच नावाच्या बॉक्समध्ये गिअरचे संच निरनिराळे आहेत. एका संचात पहिला गिअर ३.७६ आणि पाचवा ०.७२, दुसऱ्यात पहिला ४.०३ आणि पाचवा ०.८६. शेवरलेटचा मूळचा पहिला गिअर आहे २.९४. म्हणजे ४.०३ चा पहिला ४.११ च्या डिफरन्शियलसोबत जोडला, तर तो गाडी हलवून लगेच सोडून द्यायच्या लायकीचा उरतो. आणि ०.८६ च्या पाचव्यात एवढी यातायात करण्याजोगं काही नाही. बॉक्सवरची नंबराची पट्टी वाचल्याशिवाय त्याला हात लावू नये, हा या धंद्यातला पहिला धडा.

०.७२ चा पाचवा मिळाला, तर ४.११ कायम धरून शंभरच्या वेगाला इंजिनाचे फेरे ३,२०० वरून २,३०० वर येतात. या एका आकड्याच्या ओढीने लोक जॅक लावायला घेतात.

नळीचा गुंता

गाडी वर चढवून खाली पाहिलं की अडचण दिसते. १९५४ पर्यंतच्या शेवरलेटला उघडा प्रोपेलर शाफ्ट नाही. बॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत एक जाड पोलादी नळी जाते आणि शाफ्ट तिच्या पोटात फिरतो. या नळीला टॉर्क ट्यूब म्हणतात. तिचं मागचं टोक ॲक्सलला घट्ट बोल्ट केलेलं, पुढचं टोक बॉक्सच्या मागे एका गोलाकार सांध्यात डोलणारं.

ही नळी नुसतं झाकण नाही. मागची चाकं जमिनीला रेटून गाडीला जो पुढचा धक्का देतात, तो ॲक्सलमधून नळीत, नळीतून बॉक्सवर आणि बॉक्समधून इंजिनाच्या गाद्यांमार्फत चेसिसवर पोचतो. ब्रेक दाबल्यावर ॲक्सलला जो पीळ बसतो, तोही नळीच झेलते. उघड्या शाफ्टच्या गाडीत ही दोन्ही कामं मागचे कमानी पाटे करतात.

आता टी-५ या उघड्या शाफ्टसाठी घडवलेला. त्याच्या शेपटीला नळीचा सांधा बसत नाही, आणि गाडीचा धक्का झेलावा अशी त्याची रचनाही नाही. म्हणून नळी काढायची. नळी गेली की तिच्याशी जखडलेला ॲक्सल गेला. ॲक्सल गेला की त्याचे ब्रेकड्रम, हँडब्रेकच्या केबली आणि ब्रेक पाइपचे सांधे गेले. नवा ॲक्सल आला की त्यावर पाट्यांच्या बैठका योग्य कोनात वेल्ड करणं आलं, नव्या लांबीचा प्रोपेलर शाफ्ट कापून, जोडून, बॅलन्स करून घेणं आलं. पुढे टी-५ च्या शेपटीला टेकू द्यायला चेसिसवर नवा आडवा मेंबर आला, कारण जुन्या बॉक्सच्या मागे तसा टेकू नव्हताच. पाचवा गिअर मागायला गेलेला माणूस अशा रीतीने मागच्या चाकांपाशी येऊन पोचतो.

नव्या ॲक्सलच्या बाबतीत मात्र जुनी शेवरलेट नशीबवान आहे. १९४९ पासून तिच्या चाकाला पाच बोल्ट आहेत, ४.७५ इंचांच्या वर्तुळावर. कंपनीने हे माप पुढे दशकानुदशकं सोडलं नाही. एस-१० पिकअपचा मागचा ॲक्सलही त्याच मापाचा. त्यामुळे ट्रॅकची रुंदी नीट तपासून निवडलेल्या ॲक्सलवर १९५१ ची मूळ चाकं आणि चकचकीत व्हीलकॅप तशाच बसू शकतात. बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.

ॲक्सल बदलायचाच आहे तर त्याचा आकडाही निवडता येतो, आणि इथे हावरटपणा नडतो. पिकअपचा ३.०८ चा ॲक्सल आणि ०.७२ चा पाचवा एकत्र केला, तर शंभरच्या वेगाला इंजिन जेमतेम १,७२० फेऱ्यांवर येतं. कागदावर लोभस दिसतं. पण ९२ घोड्यांच्या इंजिनाला तेवढ्या फेऱ्यांत वारा कापत दीड टन गाडी ओढायची ताकद नसते. लहानशा चढालाही पाचवा सोडावा लागतो. दाबून पाचव्यातच ठेवलं, तर कमी फेऱ्यांत जड ओढाताण होऊन त्याच व्हाइट मेटलवर हातोडे बसतात, ज्याला वाचवायला आपण निघालो होतो. ३.७३ चा ॲक्सल घेतला तर शंभरला सुमारे २,१०० फेरे येतात आणि पहिला गिअरही मूळच्यापेक्षा थोडाच खाली राहतो. चतुर कारागीर तिथे थांबतात.

पाच थाउ

पुढच्या टोकाला, इंजिन आणि बॉक्स जुळतात तिथे काम बारीक आहे. बेलहाउसिंग मूळचंच ठेवलं तर इंजिनाच्या मागच्या गाद्या आणि क्लचच्या पायडलचं कांडं जागच्या जागी राहतं. टी-५ चे बोल्ट त्याच्या भोकांशी जुळत नाहीत, म्हणून मधे जाड पत्र्याची अडॅप्टर प्लेट येते. जुन्या प्रेशर प्लेटखाली नवी क्लचप्लेट, जिच्या मधल्या खाचा टी-५ च्या इनपुट शाफ्टशी जुळतात. त्या शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या भोकात टेकतं, म्हणून तिथला पायलट बुशही नव्या मापाचा कातून घ्यायचा.

एवढं जुळलं तरी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. क्रँकचा मध्य आणि बॉक्सचा मध्य एका रेषेत आहेत का? फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून, इंजिन हाताने फिरवत, बेलहाउसिंगच्या भोकाची कड मोजायची. काटा पूर्ण फेऱ्यात पाच थाउपेक्षा, म्हणजे इंचाच्या पाच सहस्रांशांपेक्षा जास्त हलता कामा नये. हलला तर तिरकस मध्याच्या डॉवेल पिना घालून हाउसिंग सरकवायचं. हा अर्ध्या दिवसाचा कंटाळवाणा टप्पा गाळणारे बरेच असतात. मग गिअर अडकतो, क्लच थरथरतो, नवा बॉक्स हजार-दोन हजार मैलांत आवाज करू लागतो, आणि दोष भंगारातल्या बॉक्सच्या माथी जातो.

मागे दुसरी सरळ रेष सांभाळायची असते. बॉक्सची शेपूट आणि डिफरन्शियलचा पिनियन एकमेकांना समांतर हवेत, आणि मधल्या शाफ्टने दोन्हींशी एक ते तीन अंशांचा कोन करायला हवा. कोन अजिबात नसेल तर शाफ्टच्या सांध्यांतल्या क्रॉसमधल्या सुया एकाच जागी दाबून खड्डे पाडतात. फार असेल तर ठरावीक वेगाला फरशी झणझणते. टॉर्क ट्यूबच्या गाडीत मालकाला हे कोन कधी ठाऊकच नव्हते, कारण नळीने ते आपल्या पोटात घेतले होते.

केबिनमध्ये बदल थोडा पण लगेच जाणवणारा. शेवरलेटचा गिअर स्टिअरिंग कॉलमवर होता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीत बसलेल्या पिढीला ती हालचाल आठवेल, मनगटाने दांडा आपल्याकडे ओढून वर-खाली. आता फरशीला भोक पाडून त्यातून दांडा येतो आणि पुढच्या सीटवरच्या मधल्या माणसाला पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो. कॉलमवरचा जुना दांडा कित्येक जण शोभेला तसाच ठेवतात.

शिवडीची शेवरलेट

इथपर्यंतची गोष्ट अमेरिकेची. पण या गाड्यांचं मुंबईशी नातं जुनं आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने बंदरात यायचे आणि शेवरलेट होऊन रस्त्यावर यायचे. स्वतंत्र भारताने नुसत्या जुळणीपेक्षा इथेच उत्पादन करणाऱ्यांना थारा द्यायचं धोरण धरलं आणि १९५४ मध्ये जनरल मोटर्सने इथला गाशा गुंडाळला. योगायोग असा, की टॉर्क ट्यूबची शेवटची शेवरलेटही त्याच वर्षाची. पुढच्या वर्षीच्या मॉडेलला उघडा शाफ्ट आला, सहा व्होल्टची जागा बारा व्होल्टने घेतली आणि व्ही-८ इंजिनही आलं. महाराष्ट्रात युद्धोत्तर काळातली शेवरलेट दिसली तर ती या नळीवाल्यांपैकी असण्याचीच शक्यता दाट.

आणि यंत्रबदलाची परंपरा आपल्याला नवी नाही. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं, तेव्हा इथल्या कितीतरी ऐसपैस अमेरिकी गाड्यांत डिझेल इंजिनं चढली. ती हौस नव्हती. गाडी दारात उभी ठेवायची की चालवायची, एवढाच प्रश्न होता. हिंदुस्थान मोटर्सने तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच्या ॲम्बेसॅडरला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स दिला. मूळ मॉरिस ऑक्सफर्डचा तो सांगाडा पाचव्या गिअरवर धावला आणि कुणाला त्यात पाप वाटलं नाही.

डिझेल चढलेल्या गाड्यांचं नुकसान वेगळ्याच ठिकाणी झालं. उतरवलेली पेट्रोल इंजिनं भंगारात गेली. आज त्याच गाड्या जीर्णोद्धाराला निघाल्या की मालक मूळ इंजिनासाठी देशभर आणि परदेशात शोध घेतात, आणि मिळालं तर सोन्याच्या भावाने आणतात. बदलापेक्षा काढलेला भाग फेकून देणं महाग पडलं.

कागद काय म्हणतात

जुन्या गाड्यांच्या क्लबांचा जागतिक संघ म्हणजे फिवा. त्याने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली ट्युरिन सनद या विषयावर सोवळी नाही. गाडी चालती ठेवण्यासाठी नंतरच्या काळातले बदल करावे लागले तर ते डोळ्यांत न भरणारे असावेत, परत फिरवता यावेत आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत, असं ती सांगते.

भारतात २०२१ च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांचं प्रकरण आलं. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच आणायची. मूळ रूप म्हणजे काय हे सांगताना नियम चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत असं म्हणतो. गिअरबॉक्सचं नाव त्यात नाही.

म्हणून टी-५ वाल्याने लगेच खूश होऊ नये. बॉक्सचं नाव नसलं तरी चेसिसचं आहे, आणि टी-५ च्या शेपटीचा टेकू चेसिसवरच येतो. तो मूळच्याच भोकांत बोल्टने बसवला तर एक गोष्ट; त्यासाठी जुना मेंबर कापून नवा वेल्ड केला तर तो थेट चेसिसमधला फेरफार. अमेरिकेतले चोखंदळ कारागीर कायद्याचं बंधन नसतानाही बोल्टच पसंत करतात. कटर लावला की परतीचा रस्ता संपतो.

काय विकत घेतो?

सगळ्या खटाटोपाचं फळ एका हिशेबात मांडता येतं. मूळच्या बॉक्सवर ताशी ७० ला इंजिन २,२४० फेरे घेतं. मूळचं ४.११ धरून, पाचव्यात तेवढेच फेरे ताशी ९७ ला येतात. म्हणजे इंजिनाची फिरत तीच ठेवून गाडी ताशी सत्तावीस किलोमीटर जास्त पळते. मोलाने घ्यायचे आहेत ते हे सत्तावीस किलोमीटर.

तेही पूर्ण फुकट नाहीत. ओव्हरड्राइव्ह फेरे कमी करतो, ओझं कमी करत नाही. वारा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ७० वरून ९७ वर जाताना ती अडीच पटीहून जास्त होते, आणि ती त्याच इंजिनाने द्यायची असते. शिवाय पळणारी गाडी थांबवायची असते. शेवरलेटने १९५१ सालीच मोठ्या ड्रमचे ब्रेक जाहिरात करून दिले, पण मास्टर सिलिंडर एकेरी. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. इंजिन शांत झालं की चालवणाऱ्याला वेग कळेनासा होतो. पाचवा गिअर घालणाऱ्याने दुहेरी मास्टर सिलिंडरचा खर्च त्याच यादीत धरावा.

मधला मार्गही आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. १९५० पासून शेवरलेटने पॉवरग्लाइड या ऑटोमॅटिक बॉक्सच्या गाड्यांना ३.५५ चं डिफरन्शियल दिलं. तेच क्राऊन-पिनियन जुन्या ॲक्सलच्या पोटात बसवता येतं. नळी जागेवर, बॉक्स जागेवर, कॉलमवरचा दांडा जागेवर. शंभरच्या वेगाला फेरे ३,२०० वरून सुमारे २,७६० वर येतात. टी-५ मुळे जी सवलत मिळते तिच्या निम्मी इथे मिळते. तीही गाडीच्याच काळातल्या, तिच्याच कंपनीच्या भागातून, आणि बाहेर एकही नवा बोल्ट न दिसता. फोर्ड मॉडेल ए वाल्यांनाही असा सुज्ञ पर्याय आहे. त्यांच्या ४० हॉर्सपॉवरच्या इंजिनाची कमाल ताकद २,२०० फेऱ्यांना येते आणि ताशी ८० लाच ते तिथे पोचतं. त्यांच्यासाठी नळीतच बसणारं मिचेल ओव्हरड्राइव्ह बाजारात आहे.

मग कोणी काय करावं? ओहायोहून कॅलिफोर्नियापर्यंत गाडी चालवत नेणाऱ्या, वर्षाला हजारो मैल महामार्गावर काढणाऱ्या माणसाला टी-५ शोभतो. त्याच्या मागून येणारे ट्रेलर ताशी शंभरच्या वर असतात आणि सत्तरने चालणं तिथे धोक्याचं. मुंबईतल्या शेवरलेटचं आयुष्य वेगळं. रॅलीचा रविवार, घरच्यांना घेऊन एखादा फेरफटका, क्वचित लोणावळ्यापर्यंत. द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीला शंभरची मर्यादा आहे आणि घाटात त्याहून कमी. डाव्या बाजूने ट्रकांच्या चालीने सत्तरीत जाणाऱ्या जुन्या गाडीला कोणी हटकत नाही. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर एकशेवीसच्या मर्यादेने धावणाऱ्यांसाठी आहेत. तिथे १९५१ ची गाडी पाचव्या गिअरनेही पाहुणीच.

इथल्या मालकाला टी-५ चा खरा उपयोग झाला तर तो पाचव्याचा नव्हे, पहिल्याचा होईल. शेवरलेटच्या मूळ पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय किंवा डबल क्लच मारल्याशिवाय तो खरखर करतो, आणि दादरच्या गर्दीत गाडी कधी पूर्ण थांबत नाही, कधी पूर्ण चालतही नाही. पण त्यासाठी मागचा ॲक्सल उतरवणं म्हणजे खर्चाचं आणि नफ्याचं प्रमाण सुटणं. डबल क्लच शिकायला एक सकाळ पुरते.

माझं मत विचाराल तर महाराष्ट्रातल्या मालकाने आधी टायरचं माप घ्यावं, डिफरन्शियलचे दात मोजावेत आणि आपण गाडी खरोखर किती वेगाने, किती वेळ चालवतो ते प्रामाणिकपणे लिहून काढावं. बहुतेकांचं उत्तर ३.५५ वर किंवा काहीच न करण्यावर थांबेल. त्यातूनही टी-५ घालायचाच असेल तर कटर न वापरता, बोल्टने घालावा. उतरलेला बॉक्स, नळी आणि ॲक्सल तेल लावून, त्यांच्याच बोल्टांच्या डब्यासकट गॅरेजमध्ये ठेवावेत, आणि काय कुठून काढलं याची वही गाडीच्या कागदांत असावी. पुढच्या मालकाला सत्तावीस किलोमीटर नको असतील, तर त्याला मूळ गाडी परत करता यायला हवी.